सात पत्ते

सर दुकानात आले तेव्हा सोबत सीपीयू नव्हताच. रुमालात गुंडाळलेली नुसती हार्ड डिस्क होती. जूनच्या पावसात त्यांच्या घराजवळ वीज पडली आणि एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), मदरबोर्ड दोन्ही गेले. मग 'पार्ट यायचाय' म्हणत एका दुरुस्तीवाल्याकडे मशीन सात महिने पडून राहिलं. "फोटो गेले तरी चालतील रे," सर म्हणाले, "माझा डाव तेवढा वाचव."

मला वाटलं, बुद्धिबळ असेल. तो होता 'पाथ्स ऑफ ग्लोरी', 1999 साली निघालेला पहिल्या महायुद्धाचा पटावरचा खेळ. सर तो 'व्हॅसल' या मोफत प्रोग्रामवर कॅनडातल्या एका माणसाशी खेळत. एकानं चाल करायची, तिची लॉग फाइल मेलनं पाठवायची, दुसऱ्यानं ती टप्प्याटप्प्यानं उलगडून बघायची आणि उत्तर द्यायचं. फासेसुद्धा प्रोग्रामच टाकतो आणि ते लॉगमध्ये नोंदले जातात, त्यामुळे सहसा संशय येत नाही.

डिस्क चालू केली तर मधूनच टकटक आवाज. अशा डिस्कवर विंडोज सुरू करून फाइली ओढायच्या नसतात. दुखरा भाग पुन्हा पुन्हा वाचायला गेलं की ती कायमची जाऊ शकते. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू हे बिघडलेल्या डिस्कची प्रत काढणारं साधन लावलं. ते आधी सहज वाचता येणारं सगळं उचलतं, अडलेल्या जागा नोंदून ठेवतं आणि त्यांच्याकडे शेवटी वळतं. दोन रात्री लागल्या. थोडे सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे बारीक कप्पे, सोडले तर सगळी डिस्क हाती आली. नवीन मशीनवर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो चढवले आणि सरांना बोलावलं.

व्हॅसल उघडलं. युरोपचा नकाशा आला, सोंगट्या जागच्या जागी. पण हातातले पत्ते दिसेनात. या खेळात पत्त्यांवरच सगळं चालतं: एक पत्ता एका वेळी एकाच कामाचा, घटनेसाठी वापरलात तर सैन्याच्या हालचालीला उरत नाही. प्रोग्राम सरांना त्यांच्याच डावात प्रेक्षक समजत होता. मित्रराष्ट्रांची बाजू त्यांनी ज्या पासवर्डनं घेतली होती, तो नव्या मशीनला ठाऊक नव्हता. सरांनाही आठवेना, कित्येक वर्षांपूर्वी एकदा टाकलेला, पुन्हा कधी लागलाच नव्हता. ओटीपी पाठवायला पलीकडे कंपनी नाही. मेलमधल्या जुन्या लॉगचाही उपयोग नाही, कुलूप तेच.

सर गप्प बसले. मग त्यांनी बोट नकाशावर खाली, आजच्या इराकमधल्या बसऱ्यावर ठेवलं. "आजोबा इथून वर गेले. एकशे सतरावी मराठा." ही पलटण ज्यात होती ती ब्रिटिश हिंदी फौजेची सहावी पुणे डिव्हिजन 1914 च्या नोव्हेंबरात बसऱ्यात शिरली, बगदादच्या रोखानं गेली, मागे हटली आणि डिसेंबर 1915 पासून कुतमध्ये वेढली गेली. 29 एप्रिल 1916 ला उपासमारीनं शरण आली. आजोबा कैदेतून परतले, पण त्याबद्दल घरात कधी अवाक्षर बोलले नाहीत. "म्हणून मी नेहमी हीच बाजू घेतो," सर म्हणाले.

तेव्हा माझी चूक लक्षात आली. मी दिसणारे फोल्डर घेतले होते. व्हॅसल आपल्या सेटिंग्ज, पासवर्डसकट, ठेवतं 'ॲपडेटा' या लपवलेल्या फोल्डरात, तिथल्या 'रोमिंग'मध्ये. मूळ डिस्कची इमेज, म्हणजे काढलेली पूर्ण प्रत, अजून माझ्याकडे होती. उघडली. व्हॅसलचं फोल्डर आतून शाबूत निघालं. खराब सेक्टर भलतीकडे पडले होते. ते फोल्डर नव्या मशीनवर जागच्या जागी ठेवलं, प्रोग्राम बंद करून परत सुरू केला.

सात पत्ते उघडले. एक ग्रीसमधल्या सॅलोनिका बंदराचा होता. सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि एकेक पत्ता नीट वाचला. मी काउंटरवर आलेल्या गिऱ्हाइकाला दहा मिनिटं थांबायला सांगितलं. त्या दिवशी ते मला फार महत्त्वाचं वाटलं, आणि अजूनही वाटतं.

सॅलोनिका त्यांनी राखून ठेवला. दुसरा एक पत्ता हालचालीसाठी खर्चून बसऱ्याची सोंगटी बगदादच्या दिशेनं पुढे केली, लॉग जोडला आणि मेलमध्ये फक्त 'उशीर झाला, क्षमस्व' अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ लिहिली.

दुसऱ्या दिवशी शटर वर करतोय तोच फोन वाजला. "अरे, त्याचा लॉग आला! सात महिने त्यानं पट तसाच ठेवला होता."