उलट आट्याचा नट आणि न मिळालेला पुलर

खंडेनवमीच्या दोन दिवस आधीची गोष्ट आहे. पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्षबागायतदाराने वडिलांच्या काळातली कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट 350 नाशिकच्या पंचवटीतल्या माझ्या गॅरेजमध्ये आणून लावली. गाडी चढाला लागली की इंजिनाच्या पोटातून खोल, जड असा खटखट आवाज येत होता. हा आवाज टॅपेटचा (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या दांड्याचा) नाही हे कानाला लगेच कळते. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचा बुश, म्हणजे आतली बेअरिंगची कडी, गेलेला होता. म्हणजे क्रँक (इंजिनाचा फिरणारा मुख्य शाफ्ट) बाहेर काढायचा, आणि त्यासाठी केस, म्हणजे इंजिनाचे बाहेरचे कवच, उघडण्याआधी टायमिंगच्या बाजूचा लहान पिनियन (दातेरी चाक) शाफ्टवरून ओढून काढायचा.

टायमिंगचे कव्हर उघडले तेव्हा आधीच्या कोणा कारागिराचे हस्ताक्षरच दिसले. पिनियन धरून ठेवणारा नट हाच या इंजिनात ऑइल पंप फिरवणारा वर्मही (स्क्रूसारखा गिअर) असतो आणि त्याचे आटे उलटे असतात. उजव्या बाजूने पाहिले तर क्रँक घड्याळाच्या दिशेने फिरतो. पंपाचा भार त्या नटाला मागे ओढत असतो, म्हणून सरळ आटे दिले असते तर तो चालता चालता सैल झाला असता. हे ठाऊक नसलेल्या माणसाने तो नेहमीच्या दिशेने सोडवायला घेतला, सुटेना म्हणून छिन्नी लावली आणि दोन कडा गोल करून ठेवल्या. माझ्याकडची मिलिमीटरची गोटी (सॉकेट पाना) त्यावर घसरत होती, कारण माप इंची होते. जुन्या डब्यातली इंची गोटी शोधून, पाना घड्याळाच्या दिशेने दाबल्यावर नट एकदाचा हलला.

खरी अडचण पुढे होती. पिनियन आणि केस यांच्यामध्ये जेमतेम फट असते. अशा वस्तू ओढून काढायच्या हत्याराला पुलर म्हणतात; बाजारात मिळणाऱ्या तीन पायांच्या पुलरचे पाय तिथे शिरतच नाहीत. माझ्याकडे या कामासाठी पातळ पायांचा एक पुलर होता, पण तो मागच्या वर्षी कोणीतरी उसना नेला तो परतलाच नाही. (हत्यार उसने देणे या विषयावर मी वेगळा लेख लिहू शकतो.) गॅरेजमधला पोरगा म्हणाला, "उस्ताद, दोन स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू का?" मी त्याला थांबवले. पिनियन निघेलही, पण मागची ॲल्युमिनियमची केस टवका उडून खराब होईल आणि मग तिथून आयुष्यभर तेल झिरपेल.

सकाळी दहाला निघालो. नाशिकमधल्याच द्वारका चौकाच्या बाजूला स्पेअर पार्टच्या तीन दुकानांत विचारले. एकाने मोठ्या आत्मविश्वासाने यूसीई इंजिनाचा (बुलेटच्या नंतरच्या, नव्या इंजिनाचा) मॅग्नेट पुलर हातात दिला आणि "बुलेटचाच आहे भाऊ," असे वर सांगितले. बुलेटचा होता, पण तो मॅग्नेटच्या आतल्या आट्यात फिरवून बसवायचा असतो; माझ्या पिनियनला आटेच नव्हते. रविवार कारंजावरच्या हार्डवेअरवाल्याने बेअरिंगचा पुलर दाखवला, त्याचे पाय माझ्या करंगळीएवढे जाड. पूर्वी असे काही लागले की अंबड-सातपूर लिंक रोडवरच्या भंगार बाजारात एक फेरी मारली तरी हाताला काहीतरी लागायचे, पण 2017 साली महापालिकेने तो हटवल्यापासून ओळखीची दुकाने पांगली आणि कोणाकडे काय मिळेल हा हिशेबच मोडला.

दुपारी दोनच्या सुमारास अंबड एमआयडीसीतल्या एका लहान लेथवाल्याकडे पोहोचलो. वयस्कर माणूस आहे, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. मी पुलर कसा हवा ते सांगू लागलो तर त्यांनी हात वर केला. "तोंडाने नको सांगू. पिनियनचा व्यास किती, फट किती, शाफ्टचं टोक कसं आहे, ते आण." मी तसाच परत पंचवटीला गेलो, कॅलिपरने मापे घेतली, फटीत फिलर गेजची (फट मोजायची) पातळ पाने एकावर एक घालून पाहिली आणि वहीच्या पानावर आकृती काढून पुन्हा अंबडला आलो. सकाळी निघतानाच हे केले असते तर अर्धा दिवस वाचला असता.

मामांनी आकृती पाहिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "शाफ्टच्या टोकाला भोक दाखवलंय, ते कशाचं?" ते तेलाचे होते. या इंजिनात बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाला, तेल क्रँकच्या टोकातूनच जाते. पुलरचा टोकदार बोल्ट थेट तिथे दाबला असता तर भोकाची कड फाकली असती, आणि नवा बुश घालूनही उपयोग झाला नसता. हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. त्यांनी पितळेची एक छोटी, सपाट टोपी काढून दिली. ती शाफ्टच्या टोकावर ठेवायची आणि बोल्ट तिच्यावर दाबायचा. पुलरचे पाय ईएन 24 या मजबूत पोलादाचे केले, टोके घासून पातळ केली, तापवून तेलात बुडवली. मधल्या बोल्टला बारीक आटे दिले, म्हणजे ओढ सावकाश आणि सारखी बसते.

संध्याकाळी सातला पुलर लावला. बोल्ट ताणला, पण पिनियन हलला नाही. आणखी पाव फेरा दिला आणि बोल्टच्या डोक्यावर हातोडीने एक हलका ठोका मारला. टक् असा आवाज झाला आणि पिनियन चावीसकट पुढे सरकला. दातांवरची टायमिंगची खूण शाबूत होती, केसला ओरखडाही नव्हता. पोराने पितळेची टोपी उचलून दिव्याखाली धरली. तिच्या आतल्या बाजूला शाफ्टच्या तेलाच्या भोकाचा गोल वळ स्पष्ट उमटला होता.