आमची वाटचाल : आधी माणसाची वाट, मग सेन्सरची जागा

बेळगावच्या शहापूर-वडगावातले अंधारे जिने, खानापूरकडची कौलारू घरं, उद्यमबागेतली ऑफिसं, निपाणीची गोदामं. माणूस आला की दिवा लागावा आणि गेला की विझावा, एवढंच आमचं काम. सुरुवातीला वायर हाताशी मिळते म्हणून आम्ही दिव्याशेजारीच सेन्सर लावायचो. आता आधी माणूस कुठून शिरतो, कुठं वळतो आणि कुठं थांबतो ते बघतो.

पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) सेन्सरला अंगाची ऊब हललेली कळते. त्याच्या लेन्समुळं समोरच्या जागेचे पाकळ्यांसारखे पट्टे पडतात. पट्टा आडवा ओलांडला की तो लगेच जागा होतो, पण सरळ त्याच्याकडं चालत आलेला माणूस त्याला उशिरा दिसतो. म्हणून बोळाच्या टोकाच्या भिंतीवर आम्ही तो लावत नाही. अडीच-तीन मीटर उंचीच्या छतावर एक सेन्सर साधारण 6 मीटर व्यासाची जागा सांभाळतो. पंखा आणि एसीच्या झोतापासून तो मीटरभर तरी लांब हवा. जिन्याला प्रत्येक वळणावर एक लागतोच. पहिल्या पायरीवर पाय पडायच्या आत दिवा लागला नाही तर त्याचा उपयोग काय?

कौलारू घरात आढं फार उंच, म्हणून सेन्सर भिंतीवर सव्वादोन मीटरवर घेतो. अथणी-रायबागकडं उन्हाळ्यात भिंतीच अंगाएवढ्या तापतात आणि सेन्सरची नजर आखूड होते. तिथं दोन सेन्सरमधलं अंतर कमी ठेवावं. सोप्यातला सेन्सर रस्त्यावरच्या माणसांमुळं पेटत असेल, तर लेन्सच्या त्या बाजूच्या पाकळ्या काळ्या इन्सुलेशन टेपनं झाकतो. नखाएवढा तुकडा पुरतो.

संडास-बाथरूमच्या आडोशापलीकडं पीआयआरला दिसत नाही. तिथं मायक्रोवेव्ह सेन्सर, कारण तो प्लायवूडमधूनही हालचाल ओळखतो. पण त्याच गुणामुळं बाहेरच्या बोळातल्या माणसानंही दिवा लागतो आणि एक्झॉस्ट फॅन फिरत असला तर विझतच नाही. सेन्सिटिव्हिटी कमी करून तपासायची, हालचाल थांबल्यावर दिवा चालू राहायची वेळ मात्र किमान 5 मिनिटं.

जुन्या स्वीचबोर्डात न्यूट्रल, म्हणजे करंट परतायची वायर, नसतो. दोन वायरींवर चालणारा सेन्सर लावून भागवलं की एलईडी मिणमिणत राहते. त्यापेक्षा न्यूट्रल ओढून घ्यावा. सेन्सरच्या डब्यावर लिहिलेले 1200 वॅट साध्या बल्बसाठी असतात. एलईडी चालू होताना क्षणभर मोठा करंट घेते, त्यानं रिलेचे, म्हणजे सेन्सरच्या आतल्या स्वीचचे, पॉइंट चिकटतात आणि दिवा रात्रंदिवस जळतो. एलईडीचा वेगळा आकडा वाचावा, भार जास्त असेल तर मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा भार पेलणारा स्वीच, टाकावा.

चाचणी घेताना सेन्सरवरचं वेळेचं बटण सगळ्यात कमी आणि उजेडाचं बटण दिवसावर (म्हणजे उजेडातही दिवा लागेल असं) ठेवून खोलीभर चालून बघतो. लाइट परत आली की पहिलं मिनिटभर सेन्सर स्थिरावत असतो, तेव्हाचं वागणं धरायचं नाही.

यंत्रमागाच्या शेडमध्ये मात्र मागावरचा दिवा आम्ही सेन्सरवर देत नाही. धागा सांधताना विणकर जवळजवळ स्थिर असतो आणि त्या क्षणी अंधार झाला तर हात चालत्या यंत्रात जाईल. तो दिवा साध्या बटणावर. सेन्सर फक्त बाहेरच्या बोळाला.