पहिल्याच ओळीत कोणीतरी हरवतं

मोठ्यांच्या पुस्तकाला प्रस्तावना असते, मनोगत असतं, ऋणनिर्देश असतो. दहा-पंधरा पानं उलटली तरी लेखक अजून उंबरठ्यावरच. लहान मुलांच्या पुस्तकात पहिल्याच ओळीत कोणीतरी हरवतं, नाहीतर कोणाला तरी सपाटून भूक लागते.

भाच्याला झोपवताना ही पुस्तकं मोठ्याने वाचायचं काम माझ्याकडे आलं. डोळ्यांनी वाचताना खपून जाणारं वाक्य मोठ्याने वाचलं की जीभ अडखळते. जरा लांबण लागली की श्रोता कूस बदलतो. (त्याला झोपवायचंच असतं म्हणा, पण असं नव्हे.)

दिवसा मी कचेरीत मसुदे लिहितो. 'सदर बाबतीत उचित कार्यवाही करण्यात यावी' हे माझं रोजचं मराठी. कार्यवाही कोणी करायची, कधी करायची, हे त्यातून मोठ्या खुबीने गाळलेलं असतं. मुलांच्या गोष्टीत ही लपायची सोय नाही. 'लाडू खाण्यात आला' असं वाचून तर बघा. लगेच प्रश्न येतो, "पण कोणी खाल्ला?" हा प्रश्न आमच्या कचेरीत कोणी विचारला तर निम्म्या फायली उघड्या पडतील.

सोपं लिहिणं म्हणजे डाव्या हाताचा मळ, असंही नाही. ज्या विंदा करंदीकरांनी 'अष्टदर्शने'त देकार्तपासून चार्वाकापर्यंतचे तत्त्वज्ञ कवितेत आणले, त्यांनीच मुलांसाठी 'एटू लोकांचा देश' वसवला. यातलं अवघड कुठलं, ते मला सांगता येणार नाही.

आणि चित्रं! आपण मजकूर संपला की पान उलटायला जातो. पोर हात धरून ठेवतं. आजी दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून निघालीय, हे त्याला दिसलेलं असतं. मजकुरात त्याचा उल्लेखही नसतो. माधुरी पुरंदरेंसारखी लेखिका स्वतःच चित्रं काढते, तेव्हा तर निम्मी गोष्ट चित्रातच असते.

घरात पोर नसलं तरी अडत नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. परवा जेवणाच्या सुट्टीत मी त्यातलाच एक उघडून बसलो होतो. साहेब कधी मागे येऊन उभे राहिले कळलं नाही. मी घाईघाईने पान खाली सरकवलं.

"अहो, थांबा," साहेब म्हणाले, "चित्र बघू द्या की."