पालकाचा व्यवसाय : शेती

आपल्या शाळेच्या अमृतमहोत्सवानिमित्त १९८९ च्या दहावीच्या तुकडीची माहिती जमविण्याचे काम स्मरणिका समितीने माझ्याकडे सोपविले, तेव्हा कार्यालयातील जुन्या प्रवेश अर्जांचे गठ्ठे मला चाळायला मिळाले. त्यांत माझाही अर्ज सापडला. नाव, जन्मतारीख, मातृभाषा सगळे बरोबर होते. ‘पालकाचा व्यवसाय’ या रकान्यात मात्र सुवाच्य अक्षरांत ‘शेती’ असे लिहिलेले होते. आमच्या घरी तुळशीच्या कुंडीपलीकडे माती नव्हती. वडील इचलकरंजीतच आठ मागांच्या एका कारखान्यात माग चालवीत असत.

ही चूक कशी झाली ते आईला पक्के आठवत होते. त्या दिवशी वडील रात्रपाळी संपवून, केसांतला कापूस न झटकताच शाळेत आले होते आणि अर्ज भरून घेणारे गुरुजी शिरोळकडच्या खेड्यातून नुकतेच या गावात राहायला आले होते. गुरुजींनी मिळकत विचारली, वडील म्हणाले, “पिकावर असते.” गुरुजींनी मान डोलावली आणि ‘शेती’ लिहून टाकले. वडिलांना लिहिलेले वाचता येत नव्हते.

इचलकरंजीबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे, की आमच्याकडचे पीक म्हणजे कापडाच्या एका इंचात बसणारे आडवे धागे. विणकराची मजुरी मीटरवर आणि पिकावर ठरते. बावन्न पिकाचे एक मीटर कापड निघायला धोट्याला, म्हणजे आडवा धागा घेऊन धावणाऱ्या नळीला, दोन हजारांहून अधिक वेळा इकडून तिकडे जावे लागते, आणि असे चार-सहा माग एक माणूस बारा तास सांभाळतो. मालकही बहुधा खर्चीवालाच असतो, म्हणजे सूत व्यापाऱ्याचे, कापडही व्यापाऱ्याचे आणि मालकाला मिळणार तीसुद्धा पिकावरची मजुरीच. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी, जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या पाठबळाने, गावात पहिला यंत्रमाग बसविला. आमच्या बालपणापर्यंत घराघरांच्या पडवीत माग आलेले होते. त्या खडखडाटात बोललेले ऐकू येत नाही म्हणून कामगार एकमेकांच्या ओठांकडे पाहून बोलणे समजून घेतात. पुढे आमच्या वडिलांचे कान गेले, तरी त्यांच्याशी बोलताना आम्हांला कधी ओरडावे लागले नाही, ते यामुळेच.

आमच्या वर्गात आणखी एका शब्दाचे दोन अर्थ होते, तो म्हणजे वही. आठवीपासून मी संध्याकाळी सहा ते दहा वहिफणीच्या कामाला जात असे. सायझिंगमधून कांजी लावून आलेले बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, मागावर चढण्याआधी त्याची एकेक तार वहीच्या, म्हणजे तारा वर-खाली करणाऱ्या चौकटीच्या, डोळ्यातून आणि पुढे फणीच्या घरातून ओढून घ्यावी लागते. मागे बसलेला मुलगा बोटांनी तार सोडवून पुढे देतो आणि समोरचा आकड्याने ती ओढून घेतो. पहिली वही, दुसरी, तिसरी, चौथी, पुन्हा पहिली, आणि फणीच्या एका घरात दोन तारा, हा क्रम तीन हजारांवर तारा संपेपर्यंत चुकता कामा नये. एक तार चुकली तर ती रेघ कापडात शेवटच्या मीटरपर्यंत उतरते; म्हणून चूक सापडली, की तिच्यापुढच्या सगळ्या तारा काढून पुन्हा भरायच्या. पैसे बिमावर असल्यामुळे चुकीचे तास फुकट जात. गणिताच्या सरांनी एकदा गृहपाठाची वही मागितली, तेव्हा मी अगदी खरे ते सांगितले, “सर, वही भरायला गेलो होतो म्हणून वही भरायची राहिली.” अर्धा वर्ग खो खो हसला. सरांना तो उद्धटपणा वाटला आणि तास संपेपर्यंत मी बाकावर उभा राहिलो.

समितीने दिलेल्या छापील तक्त्यात ‘सध्याचा व्यवसाय’ या मथळ्याखाली जेमतेम एक शब्द मावेल एवढी जागा आहे. आमच्या तुकडीतल्या त्रेचाळीस जणांशी मी बोललो आणि पहिल्या दहा-बारा फोनांतच या जागेचे आणि माझे बिनसले. डॉक्टर, अभियंते, दोन वकील, एक तहसीलदार यांच्या ओळी चटकन भरल्या. त्यांचे फोटो स्मरणिकेच्या पुढच्या पानांवर आहेतच, त्यामुळे त्यांच्याविषयी मी निराळे लिहीत नाही. अडले ते बाकीच्यांपाशी.

आमच्यातला सर्वांत सुखवस्तू मुलगा म्हणजे आठ मागांच्या मालकाचा मुलगा. त्याने वडिलांमागे माग चालविले, कर्ज काढून चार वाढविले आणि नोटाबंदी व टाळेबंदी यांच्या दरम्यान केव्हातरी सगळे बारा माग किलोच्या भावाने भंगारात घातले. “माग उचलून नेताना काही वाटलं नाही, वजनकाट्यावर चढवले तेव्हा वाटलं,” एवढेच तो म्हणाला. त्याच शेडमध्ये आता स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी अभ्यासिका आहे. मी तिथे जाऊन आलो. टेबलांच्या रांगा मागांच्याच रांगांवर लागल्या आहेत, फरशीतून पायाभरणीच्या बोल्टांची कापलेली टोके अजून दिसतात आणि जिथे दोन माणसांना एकमेकांचे ओठ वाचावे लागत, तिथे ‘शांतता राखा’ अशी पाटी आहे. त्याच्या ओळीत काय लिहायचे? माजी यंत्रमागधारक, की अभ्यासिका चालक? तो म्हणाला, “भाडं खाणारा लिही.”

दुसरा, माझ्याच बाकावरचा, चौथीनंतर मुंबईहून आलेला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते आणि त्यांपैकी एक त्याचे वडील. संप अधिकृतपणे कधी मिटलाच नाही. ते बिऱ्हाड मात्र वर्षभर वाट पाहून इकडे आले. परळच्या गिरणीत फंड, विमा योजना आणि हजेरीपट असलेला कायम कामगार इथे पिकावर राबू लागला. त्या माणसाने मुलाला एकच गोष्ट बजावली होती, की ज्या नोकरीत महिन्याच्या महिन्याला पगार नाही ती नोकरी करायची नाही. मुलाला चित्रकलेची विलक्षण हातोटी होती. तो टपाल खात्यात लागला, सायकलवर बटवडा केला आणि आज एका उपडाकघराचा प्रमुख आहे. चित्रे अजून काढतोस का, असे मी विचारले, तेव्हा तो विषय त्याने शिताफीने आवर्ती ठेवीच्या व्याजदराकडे वळविला.

मुलींच्या ओळी भरताना मला जरा राग आला, आणि तो त्यांच्यावर नव्हता. एका वर्गमैत्रिणीने फोनवर सांगितले, “माझं काय लिहितोस, मी काही करत नाही.” ही बाई वीस वर्षे घरच्या कारखान्यातील आलेल्या सुताचे वजन, गेलेले ताके, कामगारांची उचल आणि दर आठवड्याचा पगार यांचा हिशेब ठेवीत आली आहे, जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर तिचे यजमान गोंधळले, तेव्हा पहिली विवरणपत्रे सल्लागाराशेजारी बसून तिनेच समजून घेतली. तक्त्यात तिने ‘गृहिणी’ लिहायला सांगितले होते. मी खोडून ‘कारखान्याच्या हिशेबनीस’ असे लिहिले आहे. तिला ते आवडले नाही तर पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करू.

हुपरीच्या घरात सून म्हणून गेलेल्या दुसरीची गोष्टही याच जातीची. तिथला चांदीचा धंदा घराघरांत वाटलेला आहे; एका घरात तार ओढतात, दुसऱ्यात कड्या वळतात, तिसऱ्यात डाख देतात. पैंजणाच्या कड्या जोडण्यात तिची बोटे इतकी सरावली आहेत, की बोलताना ती हाताकडे पाहतही नाही.

आणखी एक जण वस्त्रोद्योगातली पदविका घेऊन गावातून बाहेर पडला, सुरत, तिरुपूर करीत इथिओपियातील एका कापड गिरणीत पाळीप्रमुख झाला आणि तिथल्या मुलींना गाठ मारायला शिकवून पाच वर्षांनी परत आला. विणकराची गाठ दाखविताना भाषा लागत नाही, असे तो सांगतो. सध्या तो घरी आहे आणि कामाच्या शोधात आहे. हे शब्द तक्त्यात छापू नयेत, अशी त्याची विनंती होती. इथे मी त्याच्याच परवानगीने लिहितो आहे.

माझे स्वतःचे म्हणाल, तर दहावीनंतर मी आयटीआयला फिटर झालो आणि जॉबरच्या, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या, हाताखाली लागलो. १९९९ मध्ये केंद्र सरकारची तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना आली आणि त्यानंतर युरोपातल्या बंद पडलेल्या गिरण्यांमधले जुने बिनधोट्याचे माग गावात कंटेनरने येऊ लागले. माग आले, पण ते उभे कोणी करायचे? सोबतची पुस्तके जर्मन नाहीतर इटालियन. मजकूर कोणालाच कळत नव्हता, पण आकृत्या मला कळत होत्या, कारण चित्रकलेच्या सरांनी इंटरमिजिएट परीक्षेसाठी घनभूमिती घोटून घेतली होती. समोरून, वरून, बाजूने अशी एकच वस्तू तीनदा काढायला लावून ते म्हणत, “तिन्ही जुळली तर वस्तू उभी राहील.” तेरा वर्षे मी भिवंडी, मालेगाव, सोलापूरपर्यंत माग उभे करीत फिरलो. पुढे एका मालकाकडे कायम राहिलो. सात वर्षांनी त्यांनी रातोरात शेड बंद केली. तीन महिन्यांचा पगार बुडाला आणि त्याबदली गियरच्या दोन पेट्या व सुट्या भागांचे एक कपाट माझ्या दारात आणून टाकले. त्या वेळी मी पुष्कळ शिव्या दिल्या. त्या कपाटातला पहिला भाग आठवड्याभरात विकला गेला आणि आजचे माझे दुकान तिथून सुरू झाले. एव्हाना गुडघे मागाखाली शिरू देत नाहीत, त्यामुळे ‘सुट्या भागांचे व्यापारी’ हे लिहिणे मला भाग आहे. गिऱ्हाईक मात्र अजूनही ‘फिटर आहेत का?’ असेच विचारीत येते.

प्रवेश अर्जाची छायाप्रत घेऊन मी परवा घरी गेलो. वडील आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांच्यासमोर बसून, ओठ नीट दिसतील असे, मी त्यांना तो रकाना वाचून दाखविला. त्यांनी कागद हातात घेतला, ज्या शब्दावर मी बोट ठेवले होते त्याच्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “मग सातबारा कुठं ठेवलाय?”