तुम्ही विचारलंत म्हणून: तारापूरला तपासनीस येऊन बघतात तरी काय?

‘भारताने अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सहीच केलेली नाही, मग व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची माणसं तारापूरला कशाला येतात?’ हा प्रश्न हमखास येतो.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकी बनावटीच्या. इंधनही सुरुवातीला तिथूनच यायचं आणि १९६३च्या करारात देखरेखीची अट होती. तो करार १९९३ला संपला, देखरेख राहिली. शेजारच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या भट्ट्या मात्र २००६च्या, अणुप्रकल्पांच्या नागरी-लष्करी विभागणीत देखरेखीबाहेर ठेवल्या. म्हणजे एकाच ठिकाणी दोन भट्ट्यांची मोजदाद होते आणि दोन भट्ट्यांकडे तपासनीस फिरकतही नाहीत!

काम मुळात हिशेबाचं. आलेला प्रत्येक इंधन-जुडगा (इंधनाच्या कांड्यांची मोळी) त्याच्या क्रमांकासकट वहीत असतो, तो जागेवर दिसला पाहिजे. ८ किलो प्लुटोनियम गायब झालं तर एका बाँबची शक्यता धरतात. वेगळं काढलेलं प्लुटोनियम हललं तर महिन्याभरात कळायला हवं. वापरलेल्या इंधनातून ते काढायलाच वेळ लागतो, म्हणून तिथे मुदत ३ महिन्यांची.

वापरलेलं इंधन खोल पाण्याच्या टाकीत ठेवलेलं असतं. तपासनीस टाकीवरच्या पुलावर उभा राहून अतिनील प्रकाश टिपणाऱ्या दुर्बिणीतून खाली बघतो. खऱ्या इंधनाभोवती चेरेंकोव्ह प्रकाश, म्हणजे किरणोत्सारामुळे पाण्यात उमटणारी निळसर चमक, असतो. दुर्बीण बरोबर डोक्यावर आली की कांड्यांच्या फटींतून तो एकदम उजळतो, जरा बाजूला सरकली की मंदावतो. नकली जुडग्यावर शेजाऱ्याचा उजेड पडतो खरा, पण ही चढउतार दिसत नाही. पाणी गढूळ असलं, पृष्ठभाग हलता असला किंवा इंधन फार जुनं असलं, तर हे बघणं अवघड होतं.

दोन भेटींच्या मधे कॅमेरे आणि सील. धातूचं सील दोन वाट्यांचं. तारेची टोकं आत अडकवून वाट्या दाबून बसवतात. आतल्या बाजूच्या ओरखड्यांचा फोटो आधीच काढलेला असतो. उतरवलेलं सील व्हिएन्नाला नेऊन त्या फोटोशी ताडतात. ते काही कुलूप नव्हे, पक्कड लावली की तुटतं. तुटलं हे लपत नाही, एवढंच त्याचं काम. कॅमेरा मधेच बंद पडला तर तेवढ्या काळाची खात्री गेली. मग पुन्हा मोजायला बसा.

खरी फट निराळीच आहे. वहीत नसलेलं कोण मोजणार? १९९१च्या युद्धानंतर इराकमध्ये जाहीर न केलेला मोठा कार्यक्रम सापडला. त्यावरून धडा घेऊन १९९७मध्ये ‘अतिरिक्त प्रोटोकॉल’चा, म्हणजे देखरेखीच्या कराराला जोडायच्या पुरवणी कराराचा, नमुना मंजूर झाला: जास्त माहिती, जास्त ठिकाणी प्रवेश, कापडाने पुसून घेतलेल्या धुळीची तपासणी. भारताचाही अतिरिक्त प्रोटोकॉल २०१४पासून लागू आहे, पण तो बराच आखडता, मुख्यतः निर्यातीची माहिती देण्यापुरता. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचं फाटक त्याने उघडत नाही.