रोलेक्स ६६९४ च्या रिव्हेट चेनचा तपास : आतापर्यंतची नोंद

तपासासाठी आलेले घड्याळ रोलेक्स ऑयस्टरडेट प्रिसिजन, मॉडेल क्रमांक ६६९४, हे आहे. चावीचे, ३४ मिलिमीटर केसचे (म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाचे) आणि तारीख दाखवणारे हे मॉडेल आपल्याकडच्या जुन्या घड्याळांच्या बाजारात वारंवार दिसते. मूळ घड्याळाविषयी प्रथमदर्शनी शंका घ्यावी असे काही आढळले नाही. प्रश्न आहे तो त्याला बसवलेल्या स्टीलच्या चेनचा. घड्याळ आमच्या शेजारच्या काकूंचे आहे. त्यांच्या दिवंगत यजमानांना ते बोटीवर नोकरी करणाऱ्या एका नातेवाइकाने १९६९ च्या सुमारास सिंगापूरहून आणून दिले होते, आणि "यांनी चेन कधीच बदलली नाही" असे काकू ठामपणे सांगतात. नातवाच्या हाती घड्याळ देण्यापूर्वी चेनविषयी खरे काय ते त्यांना कळून घ्यायचे आहे. विक्रीचा विषय नसल्यामुळे किमतीचा विचार या नोंदीत कोठेही नाही.

चेन अस्सल आहे का, असे आपण एका वाक्यात विचारतो खरे, पण त्यात तीन प्रश्न दडलेले असतात आणि प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो. चेन रोलेक्सची आहे का, ती घड्याळाच्या काळातली आहे का, आणि ती सुरुवातीपासून याच घड्याळावर होती का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुतांशी चेनमध्येच सापडतात. तिसऱ्यासाठी मात्र चेन आणि केस शेजारी ठेवून पाहावी लागते, आणि बहुतेक तपास तेथवर पोहोचतच नाहीत.

आधी घड्याळाचा काळ ठरवणे आवश्यक होते. सीताबर्डीतील ज्या जुन्या घड्याळजींकडे आम्ही सगळे जातो, त्यांनी मागचे झाकण उघडून दिले. आतील बाजूस रोमन तीन आणि त्यापुढे ६७ असा ठसा स्पष्ट वाचता आला. त्या वर्षांत रोलेक्स झाकणाच्या आत तिमाही रोमन अंकात आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे ठोकत असे. म्हणजे हे झाकण १९६७ च्या तिसऱ्या तिमाहीचे. मशीन १२१५ क्रमांकाचे असून तासाला १८,००० ठोक्यांचे आहे, आणि या मॉडेलमध्ये त्या काळी तेच अपेक्षित होते. हा ठसा झाकण कधी बनले एवढेच सांगतो, घड्याळ कधी विकले गेले ते सांगत नाही, हे येथे ध्यानात ठेवणे गरजेचे आहे.

झाकण उघडलेले असतानाच घड्याळजी काकांनी एक सूचना केली, जी मी प्रत्येक सहकाऱ्याला आवर्जून सांगेन. "भाऊ, चेन आधी धुऊ नका. मळ कुठं बसला आहे ते पाहून घ्या." नागपूरच्या उन्हाळ्यात मनगटावर राहिलेल्या चेनच्या कड्यांमध्ये घाम आणि धूळ यांचा घट्ट थर साचतो, आणि वर्षानुवर्षे हललेले सांधे व कधीच न उघडलेले सांधे यांतील फरक त्या थरावरून ओळखता येतो. अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये एकदा चेन घातली की हा पुरावा कायमचा वाहून जातो. त्यामुळे सर्व छायाचित्रे स्वच्छतेपूर्वी, तिरप्या उजेडात आणि दोन्ही बाजूंनी काढून घेतली.

आता चेन. लॉकच्या आतील पात्यावर ७२०५ हा क्रमांक आहे. रोलेक्सच्या ऑयस्टर चेनच्या क्रमांकांमध्ये एक साधी शिस्त आहे, ती माहीत असली की बराच गोंधळ टळतो : ७२०५ आणि ७२०६ या रिव्हेटच्या, म्हणजे गोल डोक्याच्या पिनांनी जोडलेल्या चेन, ७८३५ आणि ७८३६ या त्यानंतर आलेल्या, पत्रा दुमडून केलेल्या कड्यांच्या, आणि ७८३५० व ७८३६० या त्याही पुढच्या. प्रत्येक जोडीतील पहिली १९ मिलिमीटर रुंदीची आणि दुसरी २० ची. ६६९४ च्या लग्जमधील, म्हणजे चेन धरणाऱ्या केसच्या शिंगांमधील अंतर १९ मिलिमीटर आहे, म्हणून ७२०५ येथे योग्य ठरते. बाजारात मात्र याच मॉडेलवर १८ ची चेन बसवून दोन्ही बाजूंना फट सोडलेली, किंवा २० च्या चेनची टोके घासून कोंबलेली, अशी अनेक घड्याळे दिसतात. ती पाहून वाईट वाटते, कारण घासलेले टोक परत भरून येत नाही.

त्याच पात्यावर २ आणि ६८ असे आकडे आहेत. १९७६ पासून रोलेक्सने लॉकवर वर्षासाठी अक्षर वापरायला सुरुवात केली आणि पहिले अक्षर ए होते. त्यापूर्वीच्या चेनवर तिमाही आणि वर्ष असे सरळ आकडे असत. त्यानुसार हे लॉक १९६८ च्या दुसऱ्या तिमाहीचे ठरते. झाकण १९६७ च्या उत्तरार्धातील आणि लॉक १९६८ च्या पूर्वार्धातील, हा फरक पाहून काही जण लगेच "जोडकाम" असा शेरा मारतात. मला तो शेरा पटत नाही. त्या काळी घड्याळ अनेकदा चामड्याच्या पट्ट्यावर येई आणि स्टीलची चेन गिऱ्हाईक जास्तीचे पैसे देऊन घेई. दुकानदार आपल्याकडील साठ्यातून योग्य रुंदीची चेन बसवून देत असे. घड्याळ १९६९ च्या सुमारास विकत घेतले असेल, तर त्यापूर्वी काही महिने बनलेली चेन त्यावर असणे अगदी स्वाभाविक आहे. लॉकवर १९७३ किंवा १९७४ असते, तर काकूंच्या सांगण्याशी त्याचा मेळ बसला नसता.

पण ठसा हा फक्त त्या पात्याविषयी बोलतो. पाती बदलता येतात आणि ठसे खोटेही करता येतात, म्हणून या ठशांवर मी सर्वाधिक वेळ घालवला. दहा पट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून, दिवा एका बाजूला अगदी खाली धरून पाहिले असता, पोलादी ठशाने ठोकलेल्या अक्षरांच्या कडेला धातू किंचित वर उचललेला दिसतो आणि अक्षराची खोली सगळीकडे सारखी नसते, कारण ठोकताना दाब एका बाजूला थोडा अधिक पडतो. लेझरने कोरलेल्या अक्षरात असे होत नाही. तेथे खोली एकसारखी असते आणि तळाशी बारीक ठिपक्यांचा खरखरीत पोत दिसतो. येथे 'रोलेक्स', 'स्टीलइनॉक्स' आणि 'स्विस मेड' ही अक्षरे ठोकलेलीच आहेत, आणि त्यांच्या कडा पात्याच्या इतर भागाइतक्याच झिजलेल्या आहेत. ही शेवटची बाब मला विशेष महत्त्वाची वाटते. पाते गुळगुळीत झिजलेले आणि अक्षरे मात्र टोकदार, असे दिसले तर ठसा मागाहून मारला असल्याचा संशय घ्यायला हवा.

रिव्हेट चेनचे खरे स्वरूप तिच्या बाजूच्या कडेवरून कळते. जुन्या चेनच्या कड्या पातळ पत्रा वळवून बनवलेल्या, आतून पोकळ असतात आणि कड्यांमधून जाणाऱ्या पिनांची टोके बाजूला गोल डोक्यांच्या रूपाने दिसतात. ही डोकी शोभेची नसतात, तीच पिन धरून ठेवतात. आज नव्याने बनणाऱ्या रिव्हेट पद्धतीच्या चेनमध्ये कड्या भरीव असतात, बाजूची डोकी निव्वळ देखाव्यापुरती असतात आणि कडी काढण्यासाठी आतील बाजूस लहान बाणाची खूण करून चिरलेल्या टोकाची (स्प्लिट) पिन घातलेली असते. काकूंच्या चेनवर बाणाची खूण कोठेही नाही, पत्र्याची जोडरेषा प्रत्येक कडीच्या आत दिसते आणि हातात घेतल्यावर चेन अपेक्षेप्रमाणे हलकी लागते. ती ताणली गेली आहे, हेही खरे. आडवी धरली असता मध्ये स्पष्ट झोल पडतो, कारण पिना आणि त्यांच्या भोवतीचा पत्रा परस्परांना घासून झिजले आहेत. हा झोल लॉकजवळच्या कड्यांत अधिक आणि केसजवळच्या कड्यांत कमी आहे. मळाचा थरही त्याच प्रमाणात फुटलेला दिसतो.

धातूच्या तपासणीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या विषयावर गैरसमज बरेच आहेत. लोहचुंबक लावून पाहण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, परंतु स्टेनलेस स्टीलचा पत्रा थंड अवस्थेत वळवला की त्यात किंचित चुंबकत्व येते, त्यामुळे अस्सल चेनही चुंबकाकडे हलकेच ओढली जाऊ शकते. (चुंबक लावायचाच असेल तर चेन घड्याळावरून आधी उतरवावी, एवढी काळजी घ्यावी.) त्यापेक्षा हिंगणा एमआयडीसीतील एका स्टील व्यापाऱ्याकडे असलेले, हातात धरून वापरायचे एक्स-रे यंत्र कितीतरी उपयोगी ठरले. भंगारातील स्टीलची प्रत ठरवण्यासाठी ते तेथे रोज वापरले जाते. लॉकच्या सपाट भागावर क्रोमियम १८ टक्क्यांच्या आसपास, निकेल ८ ते ९ टक्के, आणि मॉलिब्डेनम नगण्य असे वाचन आले. म्हणजे हे ३०४ च्या कुळातील स्टील आहे, पितळेवर चढवलेला मुलामा नाही, आणि आजच्या बहुतेक प्रतिकृतींमध्ये वापरले जाणारे, मॉलिब्डेनम असलेले ३१६ एल नाही. रोलेक्सने १९८० च्या दशकात वापरात आणलेल्या ९०४ एल मध्ये निकेलचे प्रमाण याहून खूप जास्त असते आणि तांबेही असते. तसे वाचन आले असते, तर १९६८ चा ठसा तेथेच खोटा पडला असता. तरीही हा पुरावा नकारात्मक स्वरूपाचा आहे. ३०४ स्टील जगभर मिळते. ही चाचणी काही शक्यता बाद करते, अस्सलपणाचे प्रमाणपत्र देत नाही. गोलाकार कड्यांवर यंत्राच्या खिडकीत पुरेसा सपाट भाग येत नसल्यामुळे तेथील वाचन मी विचारात घेतलेले नाही.

या तपासात सर्वांत रंजक भाग निघाला तो चेनच्या टोकांचा, म्हणजे केसच्या वळणाला लागून बसणाऱ्या एंड पीसचा. एका एंड पीसच्या आत ५७ आहे आणि दुसऱ्याच्या आत ३५७. ५७ हा १९ मिलिमीटरच्या रिव्हेट चेनबरोबर दिसणारा क्रमांक आहे. ३५७ मात्र नंतरच्या, दुमडलेल्या पत्र्याच्या कड्यांच्या ७८३५ बरोबर दिसतो. दोन्ही रोलेक्सचेच, पण जोडी एकमेकांची नव्हे. या चेनच्या रचनेत एंड पीस कडीला कायमचा जोडलेला नसतो. केस, एंड पीस आणि पहिली कडी या तिघांना एकच स्प्रिंग बार, म्हणजे टोके आत दबणारी बारीक दांडी, धरून ठेवतो. स्प्रिंग बार काढला की एंड पीस सुटा होतो. घड्याळ दुरुस्तीला गेले की सर्वांत आधी हाच भाग टेबलावर पडतो, आणि तोच हरवतो किंवा दुसऱ्या घड्याळाच्या भागांत मिसळतो.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथूनच पुढे सरकले. लग्जच्या आतील भिंतींवर एंड पीस घासल्याच्या चकचकीत खुणा असतात. ५७ च्या बाजूला ही खूण खोल असून एंड पीसच्या कडेच्या झिजेशी तंतोतंत जुळते, इतकी की कडेवरील एका लहान खोचेसमोर केसच्या भिंतीवर न झिजलेली बारीक रेघ शिल्लक आहे. ३५७ च्या बाजूला केसवरील खूण तितकीच जुनी आणि खोल आहे, पण एंड पीसची कड तिच्याशी जुळत नाही; खुणेची वरची मर्यादा एंड पीसच्या कडेपासून किंचित सरकलेली आहे. म्हणजे त्या बाजूलाही दीर्घकाळ दुसरा एंड पीस होता आणि हा मागाहून आला. झाकणाच्या आत घड्याळजींनी सुईने कोरलेल्या दुरुस्तीच्या तीन नोंदी आहेत, त्यांपैकी एक १९७९ ची वाचता येते. बदल अशाच एखाद्या दुरुस्तीच्या वेळी झाला असावा, असा माझा अंदाज आहे. या नोंदींमध्ये एंड पीसचा उल्लेख नाही, त्यामुळे अंदाजापलीकडे जाण्याचा आधार मला नाही.

कंपनीकडून याहून अधिक मिळण्याची आशा मी धरलेली नाही. लाँजिन्स किंवा ओमेगा यांनी जुन्या घड्याळांसाठी आपल्या दप्तरातील उतारे दिलेले आहेत, पण रोलेक्स तशी सेवा देत नाही. चेन बनवणाऱ्यांच्या नोंदींचीही तीच स्थिती आहे. रोलेक्सच्या कितीतरी चेन जिनिव्हातील गे फ्रेर या १८३५ साली स्थापन झालेल्या कारखान्यात बनत असत. हाच कारखाना इतर घड्याळ कंपन्यांनाही चेन पुरवत असे, आणि १९९८ मध्ये तो रोलेक्सनेच विकत घेतला.

आजघडीला माझे मत असे : लॉक आणि कड्या रोलेक्सच्या ७२०५ चेनच्या आहेत, १९६८ च्या आहेत, आणि एका बाजूच्या झिजेवरून ही चेन या घड्याळावर दीर्घकाळ असल्याचे मी खात्रीने सांगू शकतो. दुसऱ्या बाजूचा एंड पीस नंतरचा आहे. काकूंना हे सांगितले तेव्हा त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे यांनी बदललीच नव्हती ना चेन?" त्यांचे म्हणणे पुराव्याशी कोठेही विसंगत नाही, असे मी त्यांना सांगितले, कारण ते तसेच आहे.

३५७ काढून दुसरा ५७ शोधून बसवावा, असा सल्ला दोन मित्रांनी दिला. मी त्याला अनुकूल नाही. बाजारातून आणलेला ५७ केसवरील खुणेशी तितकाच अनोळखी असेल, आणि आज असलेला एंड पीस निदान या घराच्या वापराचा भाग आहे. चेनचा झोल कमी करण्यासाठी पिना बदलून कड्या आवळण्याचे कामही करू नये, असे मी सुचवले आहे. त्यासाठी रिव्हेटची डोकी काढावी लागतात आणि मूळ डोकी पुन्हा तशीच बसत नाहीत. चेन कोमट पाण्यात सौम्य साबण घालून मऊ ब्रशने धुवावी, पूर्ण वाळवावी, आणि एप्रिल ते जून या महिन्यांत घड्याळ चामड्याऐवजी कापडी पट्ट्यावर वापरून ही चेन कोरड्या डब्यात ठेवावी, एवढेच ठरले आहे.

एक मुद्दा अजून बाकी आहे. धरमपेठेतील एका परिचितांकडे याच मॉडेलचे घड्याळ ७८३५ चेनसह आहे. त्यांच्या दोन्ही एंड पीसच्या आतील ३५७ चा ठसा आणि काकूंच्या ३५७ चा ठसा एकाच भिंगाखाली, एकाच उजेडात शेजारी ठेवून पाहायचे आहेत. अंकांची उंची, ३ च्या टोकांचे वळण आणि पत्र्याची जाडी या तीन गोष्टी मोजून छायाचित्रांसह पुढील नोंदीत देईन. आपल्यापैकी कोणाकडे १९६७ ते १९७० या काळातील लॉकसह ७२०५ असेल, तर तिच्या दोन्ही एंड पीसच्या आतील बाजूची, स्वच्छतेपूर्वी काढलेली छायाचित्रे मला तुलनेसाठी अत्यंत उपयोगी पडतील.