गणती जुळत नाही, पहिली सूचना काय? – पर्यवेक्षकपदाच्या परीक्षेचा माझा अनुभव

कारागृहाच्या महिला विभागात रक्षक म्हणून बरीच वर्षं काढल्यावर मी पर्यवेक्षकपदाच्या खातेअंतर्गत परीक्षेला बसले. अर्ज भरला तेव्हा सोबतच्या जणी म्हणाल्या, "तुला काय, नियम सगळे पाठच आहेत." नियम पाठ होते, पण ही परीक्षा वेगळंच काही तपासते. रक्षकाला विचारतात, तू काय करशील? पर्यवेक्षकाला विचारतात, कोणाला काय करायला सांगशील, ते झालं का हे कसं बघशील आणि त्याची नोंद कुठे ठेवशील. माझी सगळी तयारी या फरकाभोवतीच फिरली.

आमच्या एका निवृत्त वरिष्ठ मॅडम आम्हा काही जणींची तयारी करून घ्यायच्या. त्या प्रश्न टाकायच्या आणि उत्तराची वाट बघत शांत बसायच्या. "गणतीत एक बंदी कमी भरतेय. पहिली सूचना काय?" एक जण चटकन म्हणाली, "पुन्हा मोजायचं, मॅडम." त्या म्हणाल्या, "बायका इकडून तिकडे जात राहिल्या तर कितीदा मोजशील गं?" म्हणजे सगळ्यात आधी हालचाल थांबवायची, जी जिथे आहे तिथेच. मग दवाखाना, न्यायालय, भेटीची खोली, स्वयंपाकघर इथे कोणाला पाठवलंय ते नोंदवहीशी ताडायचं. मग फेरगणती, तीही शक्यतो दुसऱ्या रक्षकाकडून. तरी जुळलं नाही तर नाव आणि फोटो समोर धरून एकेकीची ओळख पटवायची, आणि वर कळवायला उशीर करायचा नाही. रात्रीच्या गणतीबद्दल तर मॅडम फार कडक होत्या. पांघरुणाचा उंचवटा मोजायचा नाही; अंग दिसलं पाहिजे, श्वास चालू असल्याचं कळलं पाहिजे. पळून गेलेली बंदी जशी गणतीत सापडते, तशीच अंथरुणात बेशुद्ध पडलेलीही सापडते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. एवढी एकच गोष्ट नीट समजली तरी परीक्षेची मेहनत सार्थकी लागली असं मी म्हणेन.

लेखी पेपरात कागदांचा गठ्ठा देऊन क्रम लावायला सांगतात. एका रक्षकाचा रजेचा अर्ज, स्वयंपाकघराच्या पुरवठ्याची तक्रार, वरिष्ठांनी मागितलेला अहवाल, आणि मध्येच कुठेतरी एक चिठ्ठी की नुकतीच दाखल झालेली बंदी जेवत नाही आणि तिने आपल्या वस्तू दुसरीला वाटून टाकल्या. वरिष्ठांचं पत्र ठळक दिसतं म्हणून हात आधी तिकडे जातो. पण पहिली ती चिठ्ठीच. कोठडीतले सुरुवातीचे दिवस, शिक्षा ऐकून आल्यानंतरचे तास, घरून आलेली वाईट बातमी, या वेळी आत्महत्येचा धोका वाढतो. तिथे "लक्ष ठेवा" असं मोघम लिहून चालत नाही. कोण लक्ष ठेवणार, किती वेळाने फेरी मारणार, फेऱ्यांची वेळ आधी ओळखता येणार नाही याची काळजी कशी घेणार आणि वैद्यकीय विभागाला कोण बोलावणार, हे लिहावं लागतं.

बळाच्या वापराचा भाग मी सगळ्यात जास्त वाचला. संयुक्त राष्ट्रांनी १९५५ चे किमान नियम सुधारून २०१५ मध्ये १२२ नियमांचा संच स्वीकारला, ते नेल्सन मंडेला नियम. त्यातला नियम ८२ सांगतो की स्वसंरक्षण, पळून जाण्याचा प्रयत्न किंवा आदेशाला शारीरिक विरोध एवढ्याच प्रसंगी बळ वापरायचं, तेही अगदी आवश्यक तेवढंच, आणि लगेच प्रमुखांना कळवायचं. नियम ४४ नुसार अर्थपूर्ण मानवी संपर्काशिवाय दिवसाला २२ तास किंवा जास्त वेळ ठेवणं म्हणजे एकांतवास, आणि तो सलग १५ दिवसांपुढे गेला की दीर्घकालीन; असा दीर्घकालीन एकांतवास नियम ४३ ने निषिद्ध आहे. आकडे लक्षात राहतात. खरी कसोटी असते ती घटना घडत असताना पर्यवेक्षक कुठे उभी आहे याची. माझं मत असं झालं की तिने शक्यतो स्वतः हात घालू नये. चार जणींनी एकीला धरलेलं असताना बाजूला उभं राहून बघणारी कोणीतरी लागते. पालथी पाडून हात मागे बांधलेल्या माणसाला श्वास घेणं अवघड होतं. ताबा मिळाला की लगेच कुशीवर वळवा, बसवा, हे ओरडून सांगणारी तीच. मग वैद्यकीय तपासणी, आणि प्रत्येकीचा अहवाल वेगवेगळा, एकमेकींचा न बघता.

अहवाल लिहिण्याचा सराव मी रोज केला. "बंदीने गैरवर्तन केले" हे वाक्य मॅडम खोडायच्या. काय केलं? कोणता शब्द उच्चारला? किती अंतरावर होती? हातात काय होतं? त्यांचं म्हणणं, वाचणारा तिथे हजर नव्हता, त्याला तुमचं मत नको, जे दिसलं ते हवं. पाळी बदलताना कोठड्या दाखवत दोन वाक्यं बोलण्याऐवजी मी लिहून द्यायला लागले ती तेव्हापासून.

तोंडी परीक्षेत एकच प्रश्न जड गेला. कालपर्यंत जिच्या शेजारी डबा खाल्ला, ती रक्षक बंदीकडून वस्तू घेते असं कळलं, तर? मी सांगितलं: तिच्याशी आधी एकटीने बोलून प्रकरण मिटवणार नाही. माहिती त्याच दिवशी लेखी वर देईन, तिची नेमणूक त्या बराकीतून तूर्त बदलावी असं सुचवेन, ती बंदी आणि माहिती देणारी या दोघींना त्रास होणार नाही हे बघेन, आणि चौकशी मी करणार नाही, कारण ती माझी मैत्रीण आहे. समितीतल्या एकांनी विचारलं, "मैत्री तुटली तर?" मी म्हटलं, "तुटेल कदाचित, सर. वाईट वाटेल. अहवाल तरीही देईन."

निकालात नाव लागलं. नेमणूक रात्रपाळीची मिळाली आणि रात्रीची गणती आता माझ्या सहीने जाते. सही करण्याआधी मी स्वतः एक फेरी मारते.